म्हादूच्या आईचं नाव

ज्वारी हुरड्यात आली की माझे तळपाय शिवशिवायला लागतात. माणसाच्या अंगात एकेक हंगाम एकेका जागी मुक्कामाला असतो, असं मला वाटतं. उन्हाळा माझ्या टाळूत राहतो, पावसाळा डाव्या गुडघ्यात, आणि ही पौषातली थंडी तळपायात. पहाटं दार उघडलं की समोरच्या रानातून दवानं भिजलेल्या ताटांचा वास येतो. कणसं अजून हिरवी आहेत, दाणा दाबला की दूध निघतं. उजेड व्हायच्या आधीच पाखरं येऊन बसतात आणि त्यांचा गलका सुरू होतो. माझ्या वयाची माणसं या दिवसांत शेकोटीकडं सरकतात. मी खाटंखाली हात घालून बूट शोधतो.

ही बूट शोधायची खोड मागल्या वर्षीच्या हंगामापासनं लागली. त्याआधी सगळ्या जन्मात पायात बूट घातला नव्हता. वहाण घातली, तीही नाल मारलेली, जड. त्या वहाणेच्या करकरीवर माझी मेंढरं चालायची.

आमची वस्ती भूमच्या माळावर. धंदा मेंढरांचा. शाळेत गेलो तो दोन वर्षं, तेही मास्तर घरी येऊन माझ्या बापाला धरून बसला म्हणून. अक्षर ओळखतो, सावकाश लिहितो, चुकलं तर खोडून पुन्हा लिहितो. कुणाकडून लिहून घेत नाही.

दिवाळी झाली की आमचा वाडा हलायचा. वाडा म्हटलं की लोकांना दगडी भिंती आठवतात. आमच्यात मेंढरं, घोडं, कुत्री, लेकरं आणि घोड्याच्या पाठीवर बांधलेला संसार, वर बसवलेल्या कोंबड्यांसकट, ह्या सगळ्याला मिळून वाडा म्हणतात. तो रोज उठतो आणि रोज दुसऱ्या शेतात बसतो. मेंढरं चरत चरत येणार, त्यांना घाई करून चालत नाही. म्हणून बाईमाणसानं घोडं घेऊन सरळ वाटेनं पुढं जायचं, मुक्कामाच्या रानात चूल मांडायची, पाणी आणायचं, आणि कळपामागच्या गड्यानं दिवस बुडता बुडता पोचायचं, अशी रीत. जगात नवरा पुढं चालतो आणि बायको मागं. आमच्यात उलटं. लगीन झाल्यापासनं म्हादूची आई कायम माझ्या पुढं.

जिथं वाट फुटते तिथं ती खूण ठेवायची. कडुलिंबाचा डहाळा आणि वर दगड. डहाळ्याचा शेंडा जिकडं, तिकडं मुक्काम. आदल्या दिवशी आमचं वाजलेलं असलं तर दगड मोठा असायचा. मला तेवढ्यावर कळायचं की आज भाकरीबरोबर काय ऐकायचं आहे. खूण बघायची, वळायचं, आणि पुढच्या वळणाला तिच्या चुलीचा धूर दिसायचा. दिवसभर न लागलेली भूक त्या धुरासरशी लागायची.

म्हादूची आई असं मी लिहितो, कारण आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. तिनं माझं घेतलं नाही, मी तिचं नाही. लग्नात बायांनी नाव घे म्हणून उंबऱ्यात अडवलं तेव्हा मी मान खाली घालून उभा राहिलो तो राहिलोच. शेवटी माझी आत्या म्हणाली, सोडा बायांनो, ह्याच्या तोंडून मेंढराबिगर शब्द निघायचा न्हाय. अगं, ऐकती का, आणि पोरगं झाल्यावर म्हादूची आय. एवढ्यावर सगळा संसार झाला, काही अडलं नाही.

अडलं ते ती गेल्यावर.

तिच्या किडन्या गेल्या होत्या. बार्शीला रक्त धुवायला जावं लागायचं, आठवड्यातनं पुन्हा पुन्हा, एसटीनं. त्या दुखण्यात मेंढरं गेली, घोडं गेलं, त्याचं काही नाही. पण सगळा मुलूख पायी तुडवलेली बाई एसटीच्या खिडकीत बसायची आणि मला रान दाखवायची. हितं आपला वाडा बसला व्हता. हितं तुमाला ताप आला व्हता. ह्या हिरीत आपलं कुत्रं पडलं व्हतं. मी म्हणायचो, व्हय. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच दाखवायची आणि मी पुन्हा म्हणायचो, व्हय. येताना तिला बोलायचं बळ नसायचं. मग ती नुसतं बोट दाखवायची.

ती गेली तेव्हा ज्वारी अशीच हुरड्यात होती. दिवस घातले, माणसं आली आणि गेली. आणि एका सकाळी उन्हात बसलो असताना माझ्या ध्यानात आलं की तिचं नाव कुणीच घेतलं नाही. दवाखान्यात ती पेशंट होती. नर्सबाई आजी म्हणायची. गावात धोंडीबाची, म्हणजे माझी, बायको, सुनेला सासूबाई, म्हादूला आई. माहेरचं माणूस उरलं नव्हतं. बारशाला कुणीतरी कानात सांगितलेलं एक नाव, ते कुणाच्याच तोंडात नव्हतं. आणि ज्याच्या तोंडात असायला पाहिजे तो मी, माझी तर जीभच त्या वाटेला कधी गेली नव्हती.

म्हादू म्हणजे माझा मुलगा महादेव. झेडपीच्या शाळेत मास्तर आहे, आठवडाभर भूमला राहतो, सून वस्तीवर माझ्याकडं असते. एका रविवारी वस्तीवर आला आणि जेवता जेवता सुनेला सांगत होता की धाराशिवला काही डॉक्टर मंडळी मिळून मॅरेथॉन घेणार आहेत. जो पळणार त्यानं आपल्यापरीनं देणगी आणायची, आणि जमेल त्यातनं भूमच्या बाजूला रक्त धुवायचं मशीन बसवायचं. पळणाऱ्यानं आपल्या गेलेल्या माणसाचं नाव छातीवर लावायचं. जो शेवटपर्यंत जाईल, त्याच्या माणसाचं नाव मैदानात माईकवर पुकारणार.

माझा घास हातातच राहिला. मशीनचं चांगलंच होतं. पण माझा कान अडकला तो माईकवर. भोंग्यावरनं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, परक्या माणसाच्या तोंडून तिचं नाव. मला घेता येत नाही तर दुसरा घेईल की.

मी म्हणालो, "म्या पळणार."

म्हादूला ठसका लागला. सून म्हणाली, "मामंजी, पळायचंच आसंल तर घराभवती पळा. म्या भाकरी टाकता टाकता बगीन तरी."

नाव नोंदवायला धाराशिवला गेलो. टेबलाशी एक शहरातली मुलगी होती, बोलायला गोड. तिनं सांगितलं की ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटर चालायचं ठेवलंय काका, त्यात गुलाबाचं फूलही देणार आहोत. मी म्हणालो, तीन किलोमीटरवर आमची विहीर असायची. मग ती म्हणाली, हाफ करा, अर्धी. अर्धी म्हटल्यावर माझं टाळकं फिरलं.

"पोरी, माझी बायको काय आर्धी मेली न्हाय. पुरी किती हाय ते सांग."

बेचाळीस किलोमीटर, ती म्हणाली, आणि बारा वाजता बंद होणार. मी अंगठा नव्हे, सही केली. माणसाचं नाव विचारलं तेव्हा म्हादूच्या आईचं आधार कार्ड तिच्यापुढं सरकवलं. तिनं बघून लिहून घेतलं, तोंडानं उच्चारलं नाही. मला जरा बरंच वाटलं. पहिल्यांदा ते माईकवरच व्हायला पाहिजे होतं.

देणगीसाठी मी कुणापुढं हात पसरला नाही. एक मेंढा राहिला होता माझ्याकडं, कळपाची आठवण म्हणून बांधलेला. तो भूमच्या बाजारात विकला आणि पैसे तसेच्या तसे नेऊन दिले. माझ्या बरोबरीचा म्हाळाप्पा, आम्ही दोघांनी जन्मभर शेजारी शेजारी वाडा बसवलेला, तो बाजारात भेटला. म्हणाला, "धोंड्या, मेंढरं इकली आन आता सवताच मेंढरू झालास व्हय?" दुसऱ्या दिवशी मात्र एक कोकरू घेऊन आला. हे बी घाल त्यात म्हणाला, आणि चहा न पिता गेला.

मग सुरू झालं पळणं. हे पळणं म्हणजे काय असतं ते मला आधी कळलंच नव्हतं. धनगर चालतो. चालण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण पळतो तो फक्त लांडगा आला तर, किंवा मेंढरू विहिरीकडं निघालं तर. बिनकामाचं पळणं आमच्यात लाजेचं. पहिल्या दिवशी मी रस्त्याला लागलो आणि चार पावलं पळालो, तर मागं वळून बघितलं. उगीच. कुणीतरी मागं लागल्याशिवाय माणूस पळतो कसा, हे माझ्या पायांनाच पटत नव्हतं.

लोकांनाही पटत नव्हतं. बांधावरनं हाका यायच्या, तात्या, काय झालं, कोण आजारी हाय का. सकाळची एसटी रोज माझ्याजवळ येऊन थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं म्हाताऱ्याची गाडी चुकली. मी हातानं जा म्हणायचो. एकदा कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "बसा की तात्या, तुमच्या वयाला तिकिट न्हाय आता." सगळी एसटी खिडक्यांतून बघत होती. मी पळतच राहिलो, आणि एसटी बराच वेळ माझ्या चालीनं माझ्या शेजारून चालली. माझा लई अपमान झाला त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी लवकर उठलो आणि एसटीच्या आधी रस्ता संपवला.

त्या हंगामात मी माझं अंग नव्यानं शिकलो. थंडीत पहिला श्वास छातीत सुरीसारखा जातो, मग हळूहळू ऊब येते. घामाला आधी वास नसतो. अंग तापलं की कानाच्या पाळ्या शेवटी तापतात. ज्वारीच्या दोन रानांमधनं पळताना गार हवा आणि उबदार हवा अशी पट्ट्यापट्ट्यानं लागते, जशी घोंगडीत काळी-पांढरी पट्टी असते. म्हादूनं आणलेले बूट चावले, फोड आले, फुटले, पुन्हा आले. म्हादू म्हणाला, आबा, बास करा, शाळेत पोरं मला इचारतात. मी म्हणालो, काय इचारतात? म्हणाला, तुमचा बाप पळून कुठं जातो. मला हसू आलं, पण त्याला आलं नाही.

आता शर्यतीला वर्ष झालं. परवा भूमला गेलो होतो, तर त्या देणगीतनं बसलेलं मशीन बघून आलो. नवीन खोली, पांढऱ्या भिंती. मशीन लहान मुलाच्या घुरघुरीसारखा आवाज करतं. परांड्याकडची एक बाई पलंगावर होती, आणि तिचा नवरा स्टुलावर, टोपी मांडीवर ठेवून. मला त्याला लई काही सांगायचं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "जेवलास का?" तो म्हणाला, घरी जाऊन जेवीन, दुपारच्या आत पोचतो. घरी जाऊन. दुपारच्या आत. मी बाहेर आलो आणि पायरीवर बराच वेळ बसलो. मेंढ्याची आठवण झाली नाही असं म्हणत नाही.

तर शर्यतीचा दिवस. अंधारात मैदानावर दिवे लावले होते आणि वाऱ्यानं फुगवलेली एक मोठी कमान उभी केली होती. गाणी लागली होती. तरणी पोरं उड्या मारत होती, अंग तापवत होती. मी धोतराचा काष्टा घट्ट मारला, वर त्यांनीच दिलेला पिवळा बनियन. छातीवर नंबराचा कागद, आणि खाली स्केचपेननं तिचं नाव. शिट्टी झाली आणि सगळा कळप सुटला. मला ते बघून बरं वाटलं. मागनं बघताना माणसं आणि मेंढरं सारखीच हलतात.

मी सगळ्यांच्या मागं राहिलो. जन्माची जागा ती. गावाबाहेर पडलो तेव्हा फटफटलं, मग सूर्य आला, ज्वारीच्या शेंड्यांवर दव चमकायला लागलं. एकेक जण पुढं दिसेनासा झाला. जागोजाग टेबलं मांडून पोरंपोरी पाणी, केळी, मीठ-साखर देत होती. मी पाण्याचा घोट घेत होतो आणि चालत होतो, पळत होतो, पुन्हा चालत होतो. वळणाच्या खांबाला वळसा घालून परतीला लागलो तेव्हा हिशेब माझ्या बाजूनं होता. ह्याच चालीनं गेलो तर बाराच्या आत मैदान. मनात मी ते नाव भोंग्यावर ऐकायलाही लागलो होतो.

परतीच्या अंगाला रस्ता एके ठिकाणी फुटतो. डावीकडं डांबरी, उजवीकडं मुरमाची वाट. जाताना त्या बाजूला ध्यान गेलं नव्हतं. रस्त्यावर पांढऱ्या फक्कीनं बाण काढला होता, डावीकडचा. तो मला दिसला असणारच, एवढा मोठा होता. पण त्याआधी डोळ्याला दिसला तो उजव्या वाटेच्या तोंडाशी ठेवलेला दगड. दगडाखाली कडुलिंबाचा डहाळा. शेंडा वाटेकडं.

मी विचार केला नाही. पाय वळले.

त्या वाटेवर मी किती गेलो ते सांगता यायचं नाही. एवढं सांगतो की सगळ्या शर्यतीत तेवढंच पळणं मला गोड लागलं. दोन्ही बाजूंनी ज्वारी डोक्याच्या वर, मधून वाट, आणि पायाखाली मुरमाचा ओळखीचा आवाज. बूट चावायचे थांबले. छाती मोकळी झाली. ती पुढं गेलेली आहे. घोडं सोडलं असेल. चूल मांडली असेल. दगड लहान होता, म्हणजे राग नाही. वळणावरनं धूर दिसेल.

वळणावर आलो. ओढ्यावरच्या मोरीची नळी खचून रस्त्यात मोठा खड्डा पडला होता, आणि त्याच्या अलीकडं आणखी दगड, आणखी डहाळे, वाळत चाललेले. अंधारात कुणाची गाडी आत जाऊ नये म्हणून कुणा शेतकऱ्यानं केलेली खूण. सगळ्या मुलखात करतात तशी. मीही कितीदा बघितलेली.

धूर नव्हता.

मी तिथं उभा राहिलो. रडलो का, तर नाही. मला राग आला, आणि तो तिचा आला. एवढ्या वर्षांत तिच्या खुणेनं मला कधी फसवलं नव्हतं. मग कळलं की खूण तिची नव्हतीच. हे कळायला मला ती गेल्यावर वर्ष लागलं. दिवस घातले, डोकं भादरलं, लोकांनी समजूत काढली, पण माझे पाय अजून तिच्या मागं मुक्कामालाच निघालेले होते. त्या खड्ड्याशी येऊन ते थांबले.

शेजारच्या रानात राखणीच्या माळ्यावर उभी राहून एक बाई गोफणीनं पाखरं हाकत होती. ती माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "आबा, पिवळी बनियनं तिकडनं गेली. चुकला तुमी."

"व्हय," मी म्हणालो.

"मागं कशाला जाता? माज्या बांधानं सरळ जावा, डांबरीवर निघता. लई फुडं निघता."

बांध दिसत होता. त्याच्या टोकाला डांबरी रस्त्यावरची बाभळही दिसत होती. पोराच्या चालीनं गेलो तरी बाराच्या आत मैदानावर पोचलो असतो.

"तेवढी वाट मोजायची ऱ्हाईल बाई."

"आता कोण मोजतंय हितं?"

"म्या."

तिनं गोफण फिरवली, दगड सोडला आणि म्हणाली, "मग जावा बाबा, तुमचं तुमी." मी मागं फिरलो.

तीच वाट परत येताना दुप्पट झाली. ऊन चढलं होतं. फोड पुन्हा फुटले होते. फाट्यावर आलो, दगड आणि डहाळा तिथंच होता. मी त्याला हात लावला नाही. ती खूण कुणाच्या तरी कामाची होती. माझी नव्हती. फक्कीच्या बाणावर पाय देऊन मी डावीकडं लागलो, आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की मी आता कुणाच्या मागं चाललेलो नाही. पुढं कुणी नाही. पोचल्यावर पाणी कुणी ठेवलेलं नाही. तरी जायचं आहे. असं चालणं मी जन्मात केलं नव्हतं. ते लई जड असतं, हे मी इथं लिहून ठेवतो, कारण ज्याची बायको पुढं असते त्याला ते कळत नाही.

थोड्या वेळानं मागनं पांढरी गाडी आली. शर्यतीत मागं राहिलेल्यांना गोळा करणारी. तिच्यात एक डॉक्टर बाई, तरणी, आणि ड्रायव्हर. बाई म्हणाली, काका, आम्ही तुम्हाला हुडकतोय, कुठं होता, वेळ होत आलीय, बसा आता.

मी म्हणालो, "बाई, म्या आजारी मेंढरं घातली गाडीत. सवता कवा बसलो न्हाय."

तिनं खाली उतरून नाडी बघितली. चालत चालत बघ म्हणालो, तर तिनं चालत चालत बघितली. नाडी चांगली होती. ती मीठ-साखर देत राहिली, मी पीत राहिलो. डोकं तापलं होतं म्हणून बाटली घेऊन डोक्यावर ओतली. गाडी माझ्या मागं मागं, एसटी चालली होती तशी. मधेच ड्रायव्हर म्हणाला, आबा, तुमी थांबत न्हाय तवर आमाला जेवायला बी जाता यीना. मी म्हणालो, मग जेवा की, मला कशाला राखता. डॉक्टर बाई हसली. मग बूट काढून गळ्यात अडकवले आणि अनवाणी निघालो. डांबर तापलं होतं, पण ते आमच्या ओळखीचं दुखणं.

बारा वाजले ते मला कळलं. कुठल्यातरी शाळेची घंटा झाली. मागनं बाई हळूच म्हणाली, "काका, वेळ संपली." मी ऐकलं. पाय थांबले नाहीत. नाव बारा वाजता मेलेलं नव्हतं.

मैदानावर पोचलो तेव्हा कमानीची हवा काढलेली होती. ती जमिनीवर पसरली होती आणि दोघं जण तिच्या घड्या घालत होते. खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. मांडववाल्याचा टेम्पो भरत आला होता. शेवटाची फक्कीची रेघ झाडून झाडून निम्मी पुसली होती. तिच्याजवळ म्हादू उभा होता. सकाळपासनं उभा असणार, तोंड उन्हानं काळवंडलेलं. मला जाऊ नका म्हणाला होता आणि स्वतः मोटरसायकलवर आला होता.

मी रेघ ओलांडली. म्हादूनं माझा दंड धरला. "झालं आबा. केलं तुमी. चला आता घरी."

"नाव पुकारा म्हणावं."

"आबा, माईक उतरवला. माणसं गेली."

मी त्याच्या हातातनं दंड सोडवला आणि रेघेवर खाली बसलो. म्हणालो की नाव पुकारल्याबिगर मी उठणार नाही, कमान गुंडाळा, मैदान गुंडाळा, मी इथंच आहे. मांडववाला टेम्पोवरनं बघत होता. आयोजकांपैकी एक सद्गृहस्थ आले, हात जोडले, वेळेचा नियम सांगितला, पुढच्या वर्षी नक्की म्हणाले. मी म्हणालो, नियम पळणाऱ्याला, ती काय पळाली न्हाय. म्हादूचा चेहरा पडला. तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आबा, लोकांचं हाल नका करू. म्या घेतो आईचं नाव, मोठ्यांदी, आत्ता हितं. चालंल?"

"माईकवर," मी म्हणालो.

शेवटी मांडववालाच टेम्पोतनं खाली उतरला. पुटपुटत होता की म्हातारं हाय, ऊन लागंल, त्यापरीस वायर सोडलेली बरी. त्यानं एक भोंगा काढला, खुर्च्यांच्या थप्पीवर ठेवला, टेम्पोच्या बॅटरीला जोडला. माईकवर फुंकर मारली. भोंगा खोकला. तो माझ्याजवळ आला, खाली वाकला आणि छातीवरचा कागद वाचायला लागला. कागद भिजून लगदा झाला होता. बाटली मी डोक्यावर ओतली तेव्हाच शाई उतरली होती. पिवळ्या बनियनवर निळा ओघळ आला होता, बाकी काही नाही.

"काय नाव हाय, आबा?"

म्हादूनं तोंड उघडलं. मी हात वर करून त्याला थांबवलं. का थांबवलं ते त्या वेळी मला सांगता आलं नसतं. मांडववाला वाकलेलाच होता, माईक माझ्या तोंडापुढं आला होता.

जीभ टाळूला चिकटली होती. लग्नातल्या उंबऱ्यात चिकटली होती तशीच. फक्त आता आत्या नव्हती, सोडा म्हणायला.

"द्वारका," मी म्हणालो.

भोंग्यातनं आवाज बाहेर पडला, जाडा, परक्या माणसाचा वाटावा असा. मैदानाच्या पलीकडं लिंबाच्या झाडाखाली दोन माणसं डबा खात बसली होती, त्यांनी मान वर केली. म्हादू माझ्याकडं बघत राहिला. त्यानं बापाच्या तोंडून आईचं नाव कधी ऐकलंच नव्हतं.

मांडववाल्यानं माईक मागं घेतला नाही. मी पुन्हा म्हणालो, "द्वारका."

मग उठलो.